गादी बसली की निघू

गाडी माझ्याकडे कशी आली ते विचारू नका. लोणावळ्यात तेव्हा सगळ्यांनी विचारलं आणि प्रत्येकाला मी वेगळं उत्तर दिलं. एवढंच सांगतो, की तुंगार्लीच्या एका बंगल्यात ती सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, बंगल्याच्या नव्या मालकांना त्या जागी गुलाब लावायचे होते, आणि जकात खात्यातल्या हेडक्लार्कच्या दारात मोटार असू नये असा काही कायदा नव्हता. छप्पन सालची अमेरिकन गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काडीचाही दोष नाही. दोष उन्हाचा, थोडा आमच्या शेजारच्या सीतारामपंतांचा, आणि उरलेला सगळा माझा.

त्या गाडीच्या पुढच्या काचेखाली, डॅशबोर्डाच्या फळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड रेक्झिनची एक गादी बसवलेली होती. गाडी कुठे धडकली तर आतल्या माणसाचं डोकं फुटू नये म्हणून केलेली सोय. आमच्या गाडीत मात्र गादीचंच डोकं फुटलं होतं. मधोमध चांगली वीतभर भेग, पुढे तिला दोन फाटे, आणि त्यातून पिवळा स्पंज बाहेर आलेला. बोट लावलं की भुगा पडायचा. इंजिन चांगलं होतं, हॉर्न वाजत होता, चारही दारं लागत होती, पण आत बसणाऱ्याची नजर बरोब्बर त्या भेगेवर जायची. खरं सांगायचं तर बसणाऱ्याची नाही, माझी जायची.

आता आबा. आबा म्हणजे माझे वडील, मारुती असवले, राहणार टाकवे बुद्रुक. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एस.टी.ची पायरी चढवत नव्हती आणि बैलगाडीचे हादरे सोसत नव्हते. त्यांची थोरली बहीण विठाबाई, माझी आत्या, पवनेच्या काठी तिकोणा पेठेच्या खालच्या अंगाला एका वाडीत राहायची. धरणाचं काम पुरं होत आलं होतं. त्या पावसाळ्यात पाणी अडवणार होते आणि आत्याचं घर पाण्याखाली जाणार होतं. वर माळावर तिच्या मुलाने पत्र्याची शेड उभी करून ठेवली होती, पण म्हातारी काही घरातून हलत नव्हती.

तिचा निरोप आला तो हिरीकडून. हिरी ही तिकोण्याच्या डोंगरातल्या वाडीवरची बाई. उन्हाळाभर करवंदं घेऊन ती कामशेतला आगगाडी पकडायची आणि लोणावळ्यात बंगल्याबंगल्यांवर विकायची. आमच्या ओट्यावर पाटी ठेवून तिने एका दमात सांगितलं, "विठाबाय म्हनली, मारुतीला म्हनावं पावसाच्या आत ये. घर मोडायच्या आत ये. म्या ह्या घरात नवरी म्हून आले तवा तू माझ्या संगं आलतास. आता निघताना बी माहेरचं मानूस घरात जेवू दे. मग म्या निघंन. असं म्हनली."

मी तो निरोप टाकव्याला जाऊन आबांना सांगितला. आबांनी तळेगावहून बहिणीसाठी हिरवं लुगडं आणवलं आणि मला विचारलं, "सोपाना, तुझी मोटार जाईल का रं तितवर?"

"जाईल की," मी म्हणालो. "एवढी गादी बसवून घेतो. गादी बसली की निघू."

माझी बाजूही समजून घ्या. मोटार घेऊन मी आत्याच्या सासरी जाणार, म्हणजे सगळी वाडी गोळा होणार. माणसं गाडीभोवती फिरणार, काचेला हात लावून आत वाकून बघणार. आणि आत काय दिसणार? भुगा पडणारा पिवळा स्पंज. जकात खात्याच्या हेडक्लार्कला हे शोभलं असतं का? माझी बायको नंदा म्हणाली, "त्याच्यावर एक टॉवेल टाका आणि घेऊन जा आबांना." नंदाला मोटारीतलं काही कळत नाही, अशी त्या वेळी माझी समजूत होती.

सीतारामपंतांना मात्र कळत होतं. ते रेल्वेत गार्ड होते. तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसल्यामुळे पुढे काय चालतं याविषयी त्यांची मतं फार ठाम झाली होती. त्यांनी चष्मा वर करून भेग पाहिली, बोटाने थोडा भुगा काढला, त्याचा वासही घेतला, आणि म्हणाले, "असवले, सायकलची ट्यूब फाटली तर आपण काय करतो?"

"पंक्चर काढतो."

"मग?"

पंतांनी स्वतःच्या घरून कानस, सोल्यूशन आणि ट्यूबच्या चकत्या आणल्या. भेगेच्या दोन्ही कडा त्यांनी आधी कानशीने घासून घेतल्या, मग सोल्यूशन लावलं, चकत्या दाबल्या आणि गाडी उन्हात उभी करायला सांगितली. वैशाखातलं ऊन. संध्याकाळी पाहिलं तर रेक्झिन पापडासारखं वळलं होतं, वीतभराची भेग हातभर झाली होती आणि तिच्या कडेने तीन काळ्या चकत्या लोंबत होत्या. पंतांनी पुन्हा वास घेतला. "रेक्झिनच हलकं आहे," ते म्हणाले, आणि कानस घेऊन घरी गेले. या गृहस्थांना मी आयुष्यात पुन्हा कधी काही विचारणार नाही असं ठरवलं. तो निश्चय अकरा दिवस टिकला.

तर पहिला रविवार असा गेला. टाकव्यात फोन नव्हता. जमत नसलं की मी रविवारी सकाळी दुधाच्या टेम्पोवाल्याबरोबर निरोप धाडायचो, आणि तो पोचेपर्यंत आबा आंघोळ करून, फेटा बांधून, लुगड्याचं बोचकं मांडीवर घेऊन रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर येऊन बसलेले असायचे. हे मला टेम्पोवाल्याने सांगितलं. मी विचारलं, "रागावले का?"

"न्हाई," तो म्हणाला. "बरं म्हनले आन् उठले. उठाया येळ लागतो त्यास्नी."

पंक्चरचा उपाय फसल्यावर मी शहाण्या माणसाकडे गेलो. हनुमंत मिस्त्रींचं गॅरेज हमरस्त्याला होतं. मिस्त्री म्हणाले, गादी जागेवर शिवता येणार नाही, काढावी लागेल. काढायला दोन दिवस लागले. गादीचे नट डॅशबोर्डाच्या मागे अशा ठिकाणी होते, की मिस्त्री पाय वर सीटवर आणि डोकं खाली पॅडलपाशी अशा अवस्थेत तासन् तास पडून असायचे आणि तिथून मला जमाना किती वाईट आलाय ते सांगायचे. अखेर गादी निघाली. तिच्याबरोबर काही वायरी निघाल्या, त्या त्यांनी पुन्हा जोडल्या. त्यानंतर हॉर्न दाबला की काचेवरचा वायपर फिरायला लागला, आणि वायपरचं बटण दाबलं की काहीच होईना. हॉर्न नेमका कुठे गेला ते मिस्त्रींना शेवटपर्यंत सापडलं नाही. मागची डिकीही तेव्हापासून उघडेना. तिचा आणि गादीचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. दोन स्क्रू उरले होते ते मिस्त्रींनी कागदाच्या पुडीत बांधून मला दिले. "जास्तीचे आहेत," म्हणाले.

गादी शिवायला मिस्त्रींनीच हिरामणचं नाव सुचवलं. स्टेशनजवळ हिरामण टांग्यांच्या बैठका आणि घोड्यांची खोगिरं शिवायचा. मोटारींनी टांग्यांचा धंदा बसवला म्हणून मोटारींवर त्याचा राग होता, पण कारागीर एक नंबर. मी कागदावर लांबी-रुंदी काढून नेली होती. त्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माप जनावराच्या अंगावर घ्यायचं असतंय," तो म्हणाला. "गाडी आना हितं."

गाडी नेली. त्याने सुतळी घेऊन गाठी मारत मारत माप घेतलं, मध्येच बॉनेटवर दोन थापा मारल्या, आणि मग 'आत काय भरलंय बघू' म्हणून चामडं कापायची रापी घालून जुनी गादी उभी फाडली. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत अमेरिकेचा स्पंज गटारात गेला होता. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती.

आठ दिवसांनी, मधला एक रविवार बुडवून, नवी गादी तयार झाली. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू? अस्सल चामडं, आत काथ्या आणि घोड्याचे केस ठासून भरलेले, कडेने लाल गोट, वर पितळी फुल्या. दोन्ही टोकांना दोन पितळी कड्याही होत्या.

"या कशाला?" मी विचारलं.

"लगाम अडकवाया."

"मोटारीला लगाम?"

"ऱ्हाऊ द्या," हिरामण म्हणाला. "काय सांगावं."

एकच अडचण होती. खोगीर चांगलं फुगीर असावं लागतं, आणि हिरामणने आयुष्यात फुगीर काम केलेलं होतं. गादी बसवल्यावर अर्धी काच तिच्यामागे गेली. ड्रायव्हरच्या जागी बसून मला फक्त आभाळ दिसायचं. मी खाली दोन उशा घेतल्या, तेव्हा आभाळाबरोबर विजेच्या तारा दिसायला लागल्या. त्यातून चामडं उन्हाने तापलं आणि त्याचा असा काही वास सुटला, की पहिल्याच फेरीला बाजारापासून तुंगार्लीपर्यंत गावातली कुत्री गाडीच्या मागे लागली. हॉर्न नव्हता. मी हॉर्न दाबायचो, वायपर फिरायचा, आणि कुत्र्यांना वाटायचं मी त्यांना हात करतोय. चौकात हवालदाराने थांबवलं.

"साहेब, रस्ता दिसतो का?"

"अंदाज येतो," मी म्हणालो.

काचेपुढचा अडथळा काढून गाडी रविवारी चौकीवर आणून दाखवावी, असं त्यांनी लिहून घेतलं. म्हणजे आणखी एक रविवार गेला. आबांना निरोप धाडला. टेम्पोवाल्याला मी काही विचारलं नाही, पण त्याने आपणहून सांगितलं, की आबांनी आज नवा फेटा बांधला होता.

मंगळवारी हिरी आली. करवंदांची पाटी खाली ठेवत म्हणाली, "विठाबायनं परवा पुरन घातलं हुतं. तुमी न्हाई आला. मग आमच्या वाडीवर वाटलं. लय ग्वाड हुतं." मग तिची नजर दारातल्या गाडीकडे गेली. खोगीर काढून टाकलेलं होतं, डॅशबोर्डाचा नुसता पत्रा उघडा पडला होता. "ही चालती का?" तिने विचारलं.

"चालते की."

"मग?"

मी तिला गादीची सगळी हकीकत सांगितली. रेक्झिन, स्पंज, पंत, खोगीर, हवालदार, काही म्हणजे काही वगळलं नाही. ती पाटीच्या कडेवर हात ठेवून शांतपणे ऐकत होती.

"ती गादी बसाया हाय का?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"टेकाया?"

"नाही, टेकायलाही नाही."

"बरं बरं," हिरी म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली. एका करवंदवालीने माझ्याकडे असं बघावं याचं मला वाईट वाटलं. तिने बघितलं ते बरोबर बघितलं, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले.

पंतांना काही न विचारण्याचे अकरा दिवस खोगीर फसलं तेव्हाच संपले होते. पंतांच्या ओळखीचा एक माणूस मुंबईच्या जुन्या बाजारात होता. त्याने त्याच सालच्या, त्याच गाडीची, बिनभेगेची काळी गादी शोधून काढली आणि लॉरीने धाडून दिली. बुधवारी ती आमच्या जकात नाक्यावर पोचली. मी कचेरीतून उठून स्वतः घ्यायला गेलो.

नाक्यावर ढोरे होता. सहा वर्षं माझ्या हाताखाली काम केलेला, मी घडवलेला माणूस. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. कागदावर सही माझी होती.

"कलम तीन, साहेब," तो नम्रपणे म्हणाला.

कलम तीन मला तोंडपाठ होतं. वापरलेला माल पक्क्या पावतीशिवाय आल्यास सात दिवस नाक्यावर कुलपात ठेवावा, दरम्यान मालकाचा लेखी खुलासा घ्यावा, आणि खुलाशाची छाननी हेडक्लार्कने करावी. लोक नवी भांडी जुनी म्हणून गावात आणत, त्यांच्यासाठी मी ते लिहिलं होतं. लिहून झाल्यावर स्वतःच दोनदा मोठ्याने वाचलंही होतं.

"अरे ढोरे, पण ही माझी गादी आहे."

"तेच लिवलंय साहेब. कलम पाच. माल खात्याच्या कर्मचाऱ्याचा असल्यास विशेष दक्षता घ्यावी."

"मग खुलासा देतो आणि आत्ताच छाननी करतो."

"आपल्याच खुलाशाची?" ढोरेने विचारलं. त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी खरोखरचा आदर होता. नाक्यावरचे दोन शिपाई आणि लॉरीचा क्लीनर ऐकत उभे होते. मी एक शब्द टाकला असता तर ढोरेने गादी दिली असती. त्याने ती देऊ केली नाही आणि मी मागितली नाही. उलट मी उभा राहून त्याची पाठ थोपटली, "शाबास, नियम म्हणजे नियम," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, आणि रिकाम्या हाताने घरी आलो. त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला होता, हे सांगायला आज लाज वाटते.

शनिवारी हिरी पुन्हा आली. या वेळी पाटीत मूठभर करवंदं होती. "मोसम सरला," ती म्हणाली. "आता म्या यायची न्हाई. विठाबायनं सांगितलंय, सोमवारी लारी येनार हाय घराची लाकडं वर न्याया. उद्याच्याला मारुतीला घिऊन या म्हनली. उद्या घर हाय."

नंदाने मागून ऐकलं. "तशीच घेऊन जा गाडी," ती म्हणाली. "पत्रा दिसेना का. आबांचं काय अडलंय त्या गादीवाचून?"

मी हसलो. मी खात्यातला माणूस. लॉरी सोमवारी येणार म्हणजे काय, हे मला शिकवायला नको होतं. सोमवारची लॉरी गुरुवारी निघते, वाटेत तिच्या स्प्रिंगचा पाटा तुटतो, आणि दुसऱ्या सोमवारी ती आली तर आली. बुधवारी गादी सुटते, गुरुवारी मिस्त्री बसवतात, रविवारी आपण जातो. सगळं हिशेबात बसत होतं. रविवारी सकाळी मी टेम्पोवाल्याबरोबर आबांना निरोप धाडला: गादी नाक्यावर अडकली आहे, पुढच्या रविवारी नक्की.

बुधवारी गादी सुटली. हनुमंत मिस्त्री भाच्याच्या लग्नाला खेडला गेले होते, ते सोमवारी उगवले. त्यामुळे पुढचा रविवारही गेला. मंगळवारी गादी बसली आणि मी तुम्हाला सांगतो, काय बसली होती! कुठे फट नाही, सुरकुती नाही. मी दोन दिवस दुपारच्या सुट्टीत घरी येऊन नुसता गाडीत बसत होतो.

रविवारी सकाळी टाकव्याच्या मोरीवर आबा होतेच. मी दार उघडून त्यांना आत बसवलं, पाय एकेक करून आत घेतले. त्यांनी बोचकं मांडीवर घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "हितं हात ठिवला तर चालंल का?"

"ठेवा की," मी म्हणालो. "फक्त तेलाचा नको."

आबांनी धोतराला हात पुसला, आणि मग तो मांडीवरच ठेवला. कामशेत गेलं, पुढे पवनानगर गेलं. हॉर्न नसल्यामुळे रस्त्यात म्हशी आल्या की आबा खिडकीतून डोकं काढून "ए, सरका, सरका!" असं ओरडायचे. त्यांना त्यात मजा वाटत होती. बहीण दूध कशी काढायची, घराच्या मागे फणस कसा होता, असं काहीबाही ते मला सगळी वाट सांगत होते.

पेठेजवळच्या माळावर पत्र्याच्या शेडपुढे आत्या उभी होती. तिच्या मागे लाकडांचा ढीग होता. खांब, वासे, दाराच्या फळ्या, एका बाजूला कौलं रचलेली. आबा गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाले, "आक्का, घर?"

"हे काय," आत्या म्हणाली आणि ढिगाकडे हात केला. "सोमवारी लारी आली. डायवर म्हनला, पुन्ना यायाची न्हाई. मग मोडलं."

लॉरी सांगितल्या दिवशी आली होती. माझ्या सगळ्या नोकरीत मी असली लॉरी पाहिली नव्हती.

वाडीतली माणसंही अशीच पांगली होती. गाडी बघायला कुणी आलं नाही. आत्यानेही गाडीकडे पाहिलं नाही. ती आबांच्या गुडघ्यांकडे बघत होती. आबा ढिगापाशी गेले. मग काठीने दाखवत म्हणाले, "उंबरा कुटं हाय ह्यात?"

उंबरा शेडच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. सागाचा, चांगला पाच फूट, वर हळदकुंकवाचे थर चढलेले. "सोपाना," आबा म्हणाले, "गाडीत घे. खाली जाऊ. जोतं तर आसंल जाग्यावर."

डिकी उघडत नव्हती. मग उंबरा मागच्या दारातून आत घेतला, पुढच्या सीटच्या पाठीवरून सरकवला, आणि त्याचं पुढचं टोक टेकलं ते थेट नव्या गादीवर. टोकाला चौकटीत अडकवायची खुंटी होती आणि खुंटीत जुना खिळा. आत्या मागे बसून उंबऱ्याचं दुसरं टोक धरून होती, आबा माझ्या शेजारी. नदीकडे उतरणारी वाट नुसती दगडांची. पहिल्या खड्ड्याला चर्र असा आवाज आला. दुसऱ्या खड्ड्याला गादीचं पोट फाटलं आणि पिवळा स्पंज वर आला. मी गाडी थांबवली नाही. याचं श्रेय मी घेत नाही, त्या उतारावर ब्रेक लागत नव्हता.

जोतं जागेवर होतं. शेणाने सारवलेली जमीन तशीच, खांबांचे खड्डे, चुलीची काळी जागा. आबांनी आणि मी उंबरा होता तिथे नेऊन बसवला. दोन्ही बाजूंना भिंत नाही, वर छप्पर नाही. आत्या वळसा न घालता उंबरा ओलांडून आत गेली आणि डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. आबा बाहेर थांबले. तिने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि मग आबा काठी टेकत आत आले. त्यांनी तिच्या ओटीत लुगडं घातलं. दोघंही रडली. मी उंबऱ्याच्या बाहेर उभा होतो, मला आत्याने हाक मारून आत घेतलं.

शेडमधून तिने फडक्यात बांधून आणलं होतं ते सोडलं. भाकरी, ठेचा आणि कांदा. "पुरन न्हाई आज," ती म्हणाली. "चार ऐतवार घातलं. आज म्या वाटच बघितली न्हाई."

चुलीच्या जागेजवळ आम्ही जेवायला बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "आत्या, गेल्या रविवारीच यायला हवं होतं."

"गेल्या न्हाई," ती म्हणाली. "त्याच्या आदल्या. त्या ऐतवारी घर हुतं. घरात जेवला असता तर मला निघाया सोपं गेलं असतं." मग तिने आबांकडे पाहिलं. "का न्हाई आलास रं? हिरीनं सांगितलं न्हवतं का?"

मी तोंड उघडलं. सांगायचं ते सगळं माझ्याकडे होतं. नाका, ढोरे, कलम तीन, कलम पाच. पण आबा माझ्या आधी बोलले.

"माझंच गुडघं धरलं हुतं, आक्का. पोरगं सकाळधरनं मोटार घिऊन दारात उभं हुतं. मीच म्हनलो, ऱ्हाऊ दे, फुडल्या ऐतवारी जाऊ."

"ल्हानपनापास्नं असाच तू," आत्या म्हणाली. "कवा येळंवर आला न्हाईस." आबांनी मान खाली घातली आणि भाकरी मोडली. मीही मोडली.

आत्या त्यानंतर आठ वर्षं जगली. दर भेटीत त्या रविवारावरून ती आबांना बोलायची. आबा ऐकून घ्यायचे, आणि मी शेजारी बसलेला असायचो.